तळघरातला अजिनाथ

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांना देव मानणारे पुष्कळ आहेत. मी त्यातली नाही. एक्स-रे आणि सी.टी. स्कॅनच्या खोलीत माझी निम्मी हयात गेली, आणि इतकी वर्षं माणसांच्या आत डोकावल्यावर कोणाविषयी फार भ्रम उरत नाहीत. रागीट बाई म्हणून माझी ख्याती आहे. सत्यशीलाबाईंच्या तोंडी लागू नका, असं नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी बजावतात. बजावोत बापडे. पण मी कितीही तडतडले तरी हसत उभा राहायचा, आणि शेवटी मलाही हसायला लावायचा, असा एक माणूस इथं होता. अजिनाथ. होता म्हणते, कारण माणूस अजून तिथंच आहे, हसणं तेवढं गेलं.

जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे आमचा दवाखाना. खाली तळघरात औषधांच्या गोदामाला लागून एक चिंचोळी खोली आहे. काचेचं दार, आत रात्रंदिवस एसी, आणि लोखंडी कपाटात घुमत बसलेलं एक यंत्र. कागदोपत्री ते सर्व्हर, अजिनाथच्या तोंडी ‘माझं मशीन’. आमच्याकडे निघालेला प्रत्येक फोटो त्या मशीनच्या पोटात जाऊन साठतो. मोडलेले खुबे, पाणी भरलेली फुप्फुसं, लहान लेकरांनी गिळलेली नाणी, सगळं. वर डॉक्टरांनी नाव टाकलं की खालून तो फोटो त्यांच्या पडद्यावर येतो. ते मशीन सांभाळणं हे अजिनाथचं काम. मी वर फोटो काढायची आणि तो खाली ठेवून घ्यायचा, असा आमचा संसार होता.

गावाकडचा गडी. करमाडजवळच्या एका खेड्यातलं धनगराचं घर. बाप लवकर गेला. आई बानाबाई मेंढरं राखायची. पदरी दोन मुलगे. एकाने मेंढरांमागे जायचं आणि एकाने शाळेत, असं बानाबाईने ठरवून टाकलं. थोरला सांडू वहीदप्तर धाकट्याच्या हातात देऊन मोकळा झाला, त्याने हूं की चूं केलं नाही. धाकटा शिकला, डिप्लोमा झाला, उस्मानपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात काही वर्षं दुरुस्त्या केल्या आणि मग आमच्या तळघरात येऊन बसला. बसला तो घोंगडी पांघरूनच. एसीच्या गारठ्यात इतर लोक स्वेटर घालतात. हा आईने दिलेली काळी घोंगडी गुंडाळून बसायचा. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, कोणी पेशंटचा नातेवाईक वाट चुकून खाली आलाय. मी तर त्याला राजरोस चिडवायची, की मेंढरं कुठं बांधलीस रे.

एक मात्र होतं. मशीन उघडायची वेळ आली की घोंगडी दाराबाहेर घडी करून ठेवायचा. लोकरीने अंगात वीज साठते आणि तेवढ्याने आतले नाजूक भाग जळून जातात, असं त्याने मला समजावलं होतं. मग मनगटाला निळा पट्टा बांधायचा, त्याची वायर कपाटाला लावायची आणि हात घालायच्या आधी कपाटाच्या लोखंडाला एकदा तळवा टेकायचा. तो टेकताना मान किंचित खाली जायची. नियम म्हणून करतोस की नमस्कार करतोस, असं मी विचारलं, तर म्हणाला की दोन्ही.

गावाच्या लेखी हा मशीनवाला नव्हता, दवाखान्यातला माणूस होता. कोणाला ताप आला, कोणाची सून अडली, कोणी मोटारसायकलवरून पडलं, की आधी अजिनाथला फोन. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, आज आणायचं की उद्या, उपाशीपोटी आणायचं की खाऊन, हे सगळं तो सांगणार. तो सांगेल ते प्रमाण. मी कितीदा त्याच्यावर खेकसले की अरे, तू कॉम्प्युटर बघतोस, नाडी बघत नाहीस. त्यावर तो म्हणायचा, “ताई, त्यांना इथं दुसरं कोण ओळखतंय?” खेड्यातला माणूस आमच्या काचेच्या दारातून आत येताना कसा अंग चोरून येतो, ते मी रोज बघते.

बानाबाईला मी ओळखत होते. तिला एकदा भोवळ आली म्हणून अजिनाथने तिला डोक्याच्या सी.टी.साठी माझ्याकडे आणलं होतं. कानात बुगड्या, त्या लग्नापासून कधी काढलेल्या नव्हत्या. धातू असला की फोटो खराब होतो. मी साबण लावून अर्धा तास झटले, चिडले, तिलाही चार शब्द ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “बाई, माझ्या डोसक्यात काय हाय ते बघून तुला काय करायचंय?” मी हसत सुटले. त्या दिवशी तिच्या डोक्यात काही निघालं नाही, वयाच्या मानाने स्वच्छ डोकं. अजिनाथने तो फोटो तिला पडद्यावर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की यात मी कुठंच दिसत नाही. पुढे गावाहून कोणीही आलं की तिने माझ्यासाठी काहीतरी पाठवलेलं असायचं. कधी तूप, कधी बाजरीचा हुरडा. माझ्यासारख्या बाईला सहसा कोणी काही पाठवत नाही, म्हणून लक्षात आहे.

तर मशीन. गेल्या वर्षी ते मशीन फार कुंथायला लागलं. डॉक्टर नाव टाकायचे आणि पडद्यावर गोल फिरत राहायचं. पेशंट समोर बसलाय, डॉक्टर घड्याळ बघतायत, फोटो काही येत नाही. बोलणी अर्थातच अजिनाथला. मला वाटलं जागा भरली असेल. तो म्हणाला, जागा भरपूर आहे, मेमरी कमी पडते. मला कळेना तेव्हा त्याने सांगितलं, की कणगी भरून धान्य आहे, पण निवडायला सूप एकच आणि तेही लहान. कणगी नको वाढवायला, सूप मोठं करू. शेवटी मेमरीच्या नव्या पट्ट्या मागवायचं ठरलं. निम्म्या आत्ता, निम्म्या पुढे कधी, कारण आमचे व्यवस्थापक कोणतीही गोष्ट एकदम पूर्ण करत नाहीत.

पट्ट्या बसवायच्या म्हणजे मशीन बंद करायला हवं. दवाखाना तर कधीच बंद नसतो. मग दिवस कोणता? इथं अजिनाथची एक रीत होती आणि ती वरच्यांनाही पटली होती. मोठं काम अमावस्येला काढायचं. कारण अमावस्येला आमच्याकडे शुकशुकाट असतो. पंचक्रोशीतलं माणूस त्या दिवशी आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाही, दुसऱ्या दिवसावर टाकतं. तारखा देणारी मुलगीसुद्धा कॅलेंडरवर अमावस्या बघूनच बसते. परदेशात शिकून आलेले आमचे डॉक्टर आधी हसले आणि मग तेही विचारायला लागले, की अजिनाथ, पुढची अमावस्या कधी?

मशीन बंद असलं म्हणून दवाखाना काही अडत नाही, हे आधी सांगून ठेवते. माझं सी.टी. चालूच असतं. फोटो निघतो, माझ्या पडद्यावर दिसतो, त्याची फिल्म छापून डॉक्टरांच्या हातात देता येते. अडतं ते एवढंच, की जुने फोटो निघत नाहीत आणि नवे खाली साठत नाहीत. हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त अजिनाथला ठाऊक होतं.

त्या अमावस्येला सकाळी तो कामाला लागायच्या बेतात होता, तेव्हा सांडूचा फोन आला. हे मला नंतर कळलं. मायचं डोकं दुखतंय, सकाळपासून झोपल्यासारखी करते, एकदा उलटी झाली. अमावस्या आहे म्हणून ती नको म्हणतेय, पण मी आणतो, असं सांडू म्हणाला. गडी शाळेत गेला नव्हता, पण अमावस्या मोडायला तयार होता. आणि माझा शिकलेला अजिनाथ त्याला म्हणाला, “आज आणू नको, दादा. आज मशीन बंद हाय. उद्या सकाळी आण, मी सोताच उभा राहतो.”

का म्हणाला असं? मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला वाटलं असेल, पित्त झालं असेल. उद्या आणली म्हणजे जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून डॉक्टरांना दाखवता येतील, नव्या मेमरीवर झटकन उघडतील, मायचं सगळं नीट होईल. तिचं उत्तम व्हावं म्हणूनच तो म्हणाला. आणि त्या सकाळी त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. ते मशीन बंद म्हणजे दवाखानाच बंद, असं त्याला क्षणभर वाटून गेलं असेल. ज्याने त्याने आपल्या कामालाच जग समजावं, ही खोड आपल्या सगळ्यांना असते. फक्त सगळ्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही.

त्या दिवशी माझ्याकडेही काम नव्हतं, म्हणून मी चहा घेऊन खाली गेले होते. घोंगडी बाहेर घडी करून ठेवलेली. आत मशीन कपाटातून ओढून झाकण काढलेलं. तो घुमणारा आवाज बंद झाल्यावर ती खोली फार मुकी वाटत होती. त्याने एकेक पट्टी कडेने धरली, खाचेत उभी केली आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सारखी दाबली. दोन्ही बाजूंचे खटके टक्‌ करून बसले की पुढची. सगळ्या बसल्यावर मशीन चालू केलं, तर ते काही उठेना. नुसता लाल दिवा. त्याने पुन्हा बंद केलं, पुन्हा एकेका पट्टीवर अंगठे फिरवले आणि एक किंचित वर राहिलेली सापडली. ती दाबली, आणि या खेपेला मशीन उठलं.

काम संध्याकाळपर्यंत चालेल असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीलाच ते संपलं. त्याने घोंगडी घेतली, खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, थांबा ताई, बघून जा. तपासणीसाठी त्याने एक जुना फोटो मागवला. कोणाचा मागवावा? बानाबाईचा. बोट उचलायच्या आत फोटो पडद्यावर. ते स्वच्छ डोकं, कवटीची पांढरी कड, सगळं जिथल्या तिथं. “बघा, माय कशी पटकन आली,” तो म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, बुगड्यांचं काय झालं रे, घातल्या का परत? तो म्हणाला, घातल्या, त्याच दिवशी. आम्ही दोघं हसलो.

तेव्हा त्याने गावाला फोन करायला हवा होता. मशीन सुरू झालं होतं, करमाड काही सातासमुद्रापलीकडे नाही. पण उद्या म्हटलं होतं ना, उद्याचं ठरलं होतं. मनाने एकदा उद्या धरला की आज त्याला दिसेनासा होतो.

दिवेलागणीला शेजाऱ्याच्या पिकअपमधून सांडू तिला घेऊन आला. अजिनाथला न विचारता. दुपारी त्याची बायको सासूच्या डोक्याला तेल लावायला बसली, तेव्हा केसांत हाताला टेंगूळ लागलं. म्हातारी दोन दिवसांपूर्वी गोठ्यात घसरून पडली होती आणि कोणाला बोलली नव्हती. तोवर तिला हाक ऐकू येईनाशी झाली होती. मी तिला टेबलावर घेतलं. या वेळी बुगड्या काढायला मला काहीच त्रास झाला नाही. तिने मानही हलवली नाही.

फोटो निघाला. कवटीच्या आत एका बाजूने विळ्याच्या आकाराचं, फोटोत पांढरं दिसणारं रक्त पसरलेलं, आणि मेंदू दुसऱ्या बाजूला सरकलेला. डॉक्टरांनी नाव टाकलं. पडद्यावर जुना आणि नवा, दोन्ही फोटो क्षणात शेजारी शेजारी उभे राहिले. अजिनाथला हवे होते तसे. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर डोक्याला भोक पाडून रक्त काढता आलं असतं. आत्ताही करू, पण आशा ठेवू नका.

अजिनाथ दाराशी उभा होता. सांडू म्हणाला, “साहेब, सकाळीच आणणार व्हतो. पर मशीन बंद व्हतं ना तुमचं.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार नव्हतेच. बोलला अजिनाथ.

“सी.टी. चालू व्हतं, दादा. दिवसभर चालू व्हतं. बंद माझं मशीन व्हतं.”

सांडूला कळलं नाही. “म्हंजी?” त्याने विचारलं. अजिनाथने पुन्हा तेच वाक्य सांगितलं, शब्दही न बदलता. मग हळूच, अगदी लहान भावाशी बोलावं तसं सांडूने विचारलं, “मग तू नको कामून म्हनला?”

ऑपरेशन झालं. बानाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, ज्या वेळेला तिला आणायचं ठरलं होतं साधारण त्याच वेळेला.

तेराव्याला मी गावी गेले. मला असल्या ठिकाणी जायला आवडत नाही, पण गेले. ओसरीवर बायका बोलत होत्या की अमावस्या होती ना, म्हातारीच हटून बसली, नको म्हणाली, पोरं काय करणार. मी सांडूकडे पाहिलं. तो मान हलवत होता. व्हय, मायच नको म्हनली, लई सांगितलं पर ऐकलं नाय, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. ज्या सांडूने धाकट्यासाठी शाळा सोडली, त्याने आता धाकट्यासाठी मेलेल्या आईवर बोल ठेवला. अजिनाथ भिंतीला टेकून सगळं ऐकत होता. मला तिथं बसवेना. मी उठून गोठ्यापाशी गेले आणि मेंढरांसमोर पोटभर रडले. बाकी कोणी बघायला नव्हतं.

मशीन आता झकास चालतं. फोटो हां हां म्हणता उघडतात, डॉक्टर खूश आहेत, जाता-येता अजिनाथची पाठ थोपटतात. तो मान खाली घालतो. मला कळतं की दर वेळी पटकन आलेल्या फोटोबरोबर त्याला काय आठवतं, पण हे मी कोणाला सांगू? गावाला खरं माहीत नाही, त्यामुळे फोन पहिल्यासारखेच येतात. फक्त आता सगळे सांडूमार्फत येतात, आणि फोन लागला की सांडू आधी एकच गोष्ट विचारतो. मशीन चालू आहे ना? त्याच्या आवाजात टोमणा नसतो. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं अजिनाथ मला एकदाच म्हणाला होता.

मागच्या महिन्यात उरलेल्या पट्ट्या आल्या. व्यवस्थापकांनी आपला अमावस्येचा दिवस काढून ठेवला. अजिनाथ म्हणाला, दुसरा कोणताही दिवस द्या. ते म्हणाले, अरे, रीत तूच पाडलीस. त्याने तारीख लिहून घेतली.

त्या दिवशी मी मुद्दाम चहा घेऊन खाली गेले. घोंगडी दाराबाहेर. मशीन उघडं, खोली मुकी, निळा पट्टा मनगटाला, एक पट्टी खाचेत उभी केलेली. आणि खिशातला फोन वाजला. पूर्वी तो काम करताना फोन जवळ ठेवत नसे. आता ठेवतो. सांडूचा होता. त्यांच्या शेजारची मुक्ताबाई जिन्यावरून पडली होती, बोलत होती, चालत होती, उद्या आणू म्हणत होती. मग तो नेहमीचा प्रश्न मला लांबूनही ऐकू आला.

“अजिनाथ, मशीन चालू हाय ना?”

अजिनाथने झाकण काढलेल्या त्या मशीनकडे पाहिलं. “चालू हाय, दादा,” तो म्हणाला. “आत्ता आण.”

फोन ठेवून त्याने पट्टीच्या दोन्ही टोकांवर अंगठे टेकवले, पण ते दाबले जाईनात. मी कप खाली ठेवला, वर गेले आणि सी.टी.चं टेबल पुसून तयार ठेवलं.